विंचूदंश: मांत्रिक खात्री देतो, मग डॉक्टर का देत नाहीत?

उन्हाळ्यात आणि भातकापणीच्या दिवसांत महाड-पोलादपूरच्या गावांमध्ये विंचू चावल्याचे रुग्ण वाढतात. याच दिवसांत मोबाईलवर उपायही फिरू लागतात. कुणी आघाड्याची मुळी सांगतो, कुणी विंचू उतरवणाऱ्याचा पत्ता देतो. सोबत एक वाक्य हमखास असते: "शंभर टक्के गुण येतो." दवाखान्यात मात्र डॉक्टर म्हणतात, "चोवीस तास लक्ष ठेवावे लागेल, आत्ताच काही सांगता येत नाही." घाबरलेल्या नातेवाइकांना साहजिकच पहिले वाक्य जास्त धीर देते. पण या दोन वाक्यांतला फरक समजून घेतला, तर एखाद्या मुलाचा जीव वाचू शकतो.

मंत्राने गुण येतो असे का वाटते?

विंचू चावलेल्या बहुतेकांना फक्त असह्य वेदना होतात. काही तासांत त्या आपोआप कमी होतात. मोठा काळा विंचू, म्हणजे इंगळी, दिसायला भयंकर असली तरी तिचे विष सहसा सौम्य असते. खरा धोका कोकणातल्या लाल विंचवाचा, आणि तोही प्रत्येक वेळी पुरेसे विष सोडतोच असे नाही.

समजा, दहा जण मांत्रिकाकडे गेले आणि त्यातले आठ जण तसेही बरे होणार होते. ते आठ जण गावभर सांगतात, "मंत्राने उतरले." उरलेल्या दोघांपैकी एक दगावला, तर "उशिरा आणले" किंवा "त्याचे भरले होते" असे म्हटले जाते. म्हणजे रुग्ण बरा झाला तर श्रेय मंत्राचे आणि दगावला तर दोष नशिबाचा. असा दावा कधी चुकूच शकत नाही. ऐकायला हे बळ वाटते, पण त्याची खरी उणीव हीच आहे. जो दावा कोणत्याही परिस्थितीत खोटा ठरू शकत नाही, तो तपासताच येत नाही.

महाडमध्ये काय तपासले गेले?

१९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या काळी लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि मुले फुफ्फुसात पाणी भरून दगावत. त्यांनी रुग्णाशेजारी बसून प्रत्येकाच्या नोंदी ठेवल्या: घाम किती, उलट्या कधी, रक्तदाब किती, हातपाय केव्हा गार पडले. या लक्षणांवरचे त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले.

नोंदींतून चित्र स्पष्ट झाले. विषामुळे शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर ताण येतो. मग रक्तवाहिन्या सैल करणारे, रक्तदाबासाठी आधीपासून वापरात असलेले प्राझोसिन उपयोगी पडेल का? १९८६ मध्ये त्याचे निष्कर्षही 'लॅन्सेट'मध्ये आले. गंभीर रुग्णांमध्ये पूर्वी सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण प्राझोसिननंतर १ टक्क्याच्या आसपास आल्याची नोंद आहे. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

तरीही प्रश्न संपला नव्हता. 'आधी' आणि 'नंतर' यांची तुलना कच्ची असते, कारण त्याच काळात रस्ते, वाहने आणि दवाखानेही सुधारलेले असतात. शिवाय मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होणारे प्रतिविष सोबत दिले तर आणखी फायदा होतो का, हेही माहीत नव्हते. म्हणून डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडमध्येच ७० रुग्णांची चाचणी केली. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल, हे डॉक्टरांच्या मर्जीवर ठेवले नाही. ३५ जणांना फक्त प्राझोसिन आणि ३५ जणांना प्राझोसिनसोबत प्रतिविष दिले. दहा तासांनी पहिल्या गटातले ८ जण पूर्ण बरे होते, दुसऱ्या गटातले ३२. २०११ मध्ये हे निष्कर्ष 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले.

या चाचणीच्या मर्यादाही त्याच लेखात वाचायला मिळतात. कुणाला काय दिले हे डॉक्टरांना माहीत होते. प्रकृती आणखी बिघडलेल्यांची संख्या दोन्ही गटांत जवळपास सारखीच होती: ५ आणि ४. म्हणजे प्रतिविषाने रुग्ण लवकर बरे झाले, पण सगळाच धोका टळला असे म्हणता येत नाही. ट्युनिशियात १९९९ मध्ये ८२५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत सरसकट प्रतिविष देण्याचा फायदा दिसला नव्हता. तिथले विंचू वेगळे, प्रतिविष वेगळे आणि बरेच रुग्ण सौम्य होते. म्हणून तिथला निष्कर्ष जसाच्या तसा महाडला लागू होत नाही, आणि महाडचा तिथे.

"डॉक्टर सारखे मत बदलतात"

ही तक्रार खरी आहे. एके काळी विंचूदंशावर ॲट्रोपिन, स्टिरॉइड आणि गुंगीच्या औषधांचे मिश्रण दिले जाई. फायदा दिसेना, काही औषधांनी अपायही होतो असे आढळले, तेव्हा ते उपचार मागे पडले. मंत्र मात्र बदलत नाही, कारण तो फसला याची नोंद कुणी ठेवत नाही. आधुनिक वैद्यकातही चुकीचे उपचार झाले आहेत. ते चुकीचे होते हे कळण्याची सोय त्यात आहे, हे महत्त्वाचे.

डॉक्टर "सांगता येत नाही" म्हणतात तेव्हा त्यांना काहीच माहीत नसते, असे समजू नका. किती विष गेले हे दंशाकडे पाहून कळत नाही, पण कोणती लक्षणे दिसली तर काय करायचे, हे पक्के ठाऊक असते. अनिश्चितता आहे म्हणूनच दर काही वेळाने रक्तदाब आणि नाडी पाहतात.

घरच्यांनी काय करावे?

विंचू चावल्यावर खूप घाम, उलट्या, तोंडाला लाळ, गार हातपाय, मुलग्यांमध्ये लिंग ताठरणे, धाप किंवा खोकला यांपैकी काहीही दिसले, तर लगेच दवाखाना गाठा. वेदना कमी आणि घाम जास्त असेल तर ते बरे होण्याचे लक्षण समजू नका. मूल लहान असेल तर लक्षणांची वाट पाहू नका. दंशाची जागा कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. प्राझोसिन घरी देऊ नका. त्याने रक्तदाब अचानक उतरू शकतो, म्हणून ते दिल्यावर रुग्णाला झोपवून ठेवतात.

कुणाला देवाचे नाव घ्यायचे असेल, तर गाडीत बसून घ्यावे. विंचू, साप किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारांपासून रोखून मंत्र-तंत्र, गंडेदोरे करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आणि पुढच्या वेळी कुणी "शंभर टक्के गुण" म्हणाले, तर एकच विचारा: गुण आला नाही असे किती जण होते, आणि त्यांची नोंद कुठे आहे?