महत्त्वाचा भाग कोणता, हे ठरवलं कोणी?

‘महत्त्वाचे भाग अधोरेखित करा’ असं मी वर्गात कितीदा सांगितलं असेल, त्याची गणतीच नाही. पण तो भाग महत्त्वाचा आहे हे कळलं कसं, हे आपण मुलांना विचारतच नाही. माझं स्पष्ट मत आहे, आधी हेच विचारायला हवं.

सबटिलायसिन नावाच्या विकराचंच बघा ना. जिवाणूंपासून मिळणारं, प्रथिनं तोडणारं हे विकर. दुधाचे, रक्ताचे डाग निघावेत म्हणून या जातीची विकरं धुण्याच्या पावडरीत घालतात. एका साखळीत २७५ अमिनो आम्लं. त्यातली प्रत्यक्ष काम करणारी कोणती? क्ष-किरणांनी मिळवलेल्या रचनेत तिघं जवळजवळ दिसत होती: ३२ व्या जागेवरचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल, ६४ वं हिस्टिडीन आणि २२१ वं सेरीन. पण जवळ दिसली म्हणजे काम करतात असं थोडंच आहे!

१९८८ मध्ये पॉल कार्टर आणि जेम्स वेल्स यांनी जनुकात ठरवून उत्परिवर्तन केलं आणि या जागांवर अ‍ॅलनिन हे लहानसं, रासायनिकदृष्ट्या थंड अमिनो आम्ल बसवलं. (असा नेमका बदल करण्याची पद्धत मायकेल स्मिथ यांची; १९९३ चं नोबेल.) सेरीन किंवा हिस्टिडीन बदललं, तर वेग दहा लाख पटींहून जास्त घटला. अ‍ॅस्पार्टिक आम्ल बदललं, तर काही दहा हजार पटींनी. मग तिन्ही एकदम बदलली तर? नुकसान आणखी वाढायला हवं होतं, पण ते जवळपास एकट्या सेरीनइतकंच राहिलं! म्हणजे ही तिघं सुटी सुटी नाही, मिळून काम करतात. आणि तिघं गेल्यावरही उरलेलं विकर, विकराशिवाय होणाऱ्या क्रियेपेक्षा हजारेक पट वेगवान होतं. म्हणजे बाकीचे भागही बसून नव्हते.

चौथीच्या वर्गात मी जुनी टॉर्च दिली. सेल काढला, बंद. बल्बही काढला, बंदच. एक मुलगी म्हणाली, “बाई, मग जास्त महत्त्वाचं कोण?” मी लगेच उत्तर दिलं नाही, द्यायचंही नव्हतं.

एकाने मात्र बटण इतकं ओढलं की आतली पत्रीच वाकली, आणि तो ठासून सांगू लागला, “बटणच मेन आहे!” विकरातही हा धोका असतो. एका बदलाने साखळीची घडीच बिघडली, तर काम बंद पडतं आणि दोष भलत्यावरच येतो. म्हणून घडी शाबूत आहे का, हे आधी तपासावं लागतं. आमच्या टॉर्चची पत्री त्यानेच पकडीने सरळ केली, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.