खायच्या सोड्याची घाई

परवा आत्याने फोनवर विचारलं, "काय रे, तुझं ते पोवळं मीठ कमी पडून मेलं म्हणे?"

मीठ नाही गं आत्या, सोडा. आणि कमी पडून नाही, मी घाईने ओतला म्हणून. बातमी पुण्याला पोचेपर्यंत एवढा फरक पडायचाच. पण त्या निमित्ताने बरेच दिवस डोक्यात असलेलं लिहून टाकतो. ज्यांना माझ्या टाकीचा कंटाळा आलाय त्यांनी पुढच्या पोस्टची वाट बघावी. :-)

आमच्या न्यू जर्सीच्या घरात बैठकीच्या खोलीत साधारण 250 लिटर खारं पाणी आहे. त्यात चार मासे, थोडे शंख आणि बाकी सगळे प्रवाळ. (ते खडक नाहीत, झाडंही नाहीत, प्राणी आहेत. हे मी दर दिवाळीला नव्याने सांगतो.) हे प्राणी पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट उचलून स्वतःचा चुनखडीचा सांगाडा बांधतात. पाण्यातल्या या बायकार्बोनेट-कार्बोनेटच्या साठ्याचं माप म्हणजे, ढोबळमानाने, अल्कलिनिटी. मराठीत 'क्षारता' म्हटलं की खारटपणा वाटतो, म्हणून मी अल्कलिनिटीच म्हणणार. ती मोजायची 'डीकेएच' या जर्मन एककात. समुद्रात ती 7च्या आसपास असते. आमच्या हौशी पंथात कोणी 7 ठेवतो, कोणी 11, आणि दोघेही एकमेकांना वेडा समजतात.

गेल्या वर्षी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. दोन आठवड्यांसाठी गेलो होतो, चार आठवडे राहिलो. मासे मित्राने सांभाळले, पण थेंबथेंब सोडा सोडणाऱ्या पंपाची बाटली मी दोन आठवड्यांपुरतीच भरून गेलो होतो. मित्राला त्याबद्दल सांगितलंच नव्हतं, तेव्हा त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

परत आलो त्या रात्री दोन वाजता, झोप येत नव्हती म्हणून, पाणी तपासलं. जाताना 8.8 होती, आता 5.2. कॅल्शियम मात्र 420वरून 395. इथेच बहुतेकजण फसतात. प्रवाळ 1 डीकेएच खर्च करतात तेव्हा कॅल्शियम जेमतेम 7 पीपीएम उतरतं. म्हणजे नुसतं कॅल्शियम मोजणाऱ्याला सगळं आलबेल दिसणार. किटच्या चुकीएवढाच तो फरक.

गणित मला येतं, हाच घोटाळा झाला. 100 लिटरला 1 डीकेएच वाढवायला सुमारे 3 ग्रॅम खायचा सोडा लागतो. मला 3.6 वाढवायची होती, म्हणजे 27 ग्रॅम. वजनकाट्यावर मोजला, पाण्यात विरघळवला आणि अर्ध्या तासात दोन हप्त्यांत ओतून मोकळा झालो. आकडा बरोब्बर 8.8 आला. मी खूष होऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुलाबी बर्ड्सनेस्टच्या बुंध्याशी कातडी सुटायला लागली. तीन दिवसांत तो नारळाएवढा गुच्छ पांढराफटक. तो माझा नव्हता, लेकीचा होता. सहावीत असताना वाढदिवसाच्या पैशांतून तिने करंगळीएवढा तुकडा आणला होता. आता ती कॉलेजला आहे. तिला फोन करायला मला दोन दिवस लागले.

आता कोणी म्हणेल, तो कमी अल्कलिनिटीनेच गेला कशावरून नाही? सिद्ध करता येणार नाही. पण परत आलो त्या रात्री त्याचे पॉलिप बाहेर होते, रंग थोडा उतरला होता, टोकांची वाढ थांबली होती. तो उपाशी बसून होता, मरत नव्हता. माझं ठाम मत असं की कमी अल्कलिनिटी हे हळू चालणारं दुखणं आहे. वाटेत तपासून बघायला वेळ असतो, आणि तो आपण वापरत नाही.

वापरायचा कसा? आधी दुसऱ्या किटने पुन्हा मोजा. मग खारेपणा बघा, कारण पाणीच पातळ झालं असेल तर अल्कलिनिटीही कमीच दिसणार. मॅग्नेशियम 1300च्या बरंच खाली असेल तर ओतलेला सोडा प्रवाळांना मिळण्याऐवजी हीटरवर पांढरा थर होऊन बसू शकतो. हे सगळं नीट असेल तर रोज अर्धा डीकेएच वाढवा. माझ्या टाकीला ते पावणेचार ग्रॅम झाले असते, वर रोजचा खर्च. आठवडाभरात 8 गाठली असती.

"पाणी बदल की!" असा सल्ला हमखास मिळतो. 6 डीकेएचच्या टाकीत 8 डीकेएचचं 10 टक्के पाणी घातलं तर 6.2 होते. ज्या टाकीत रोज अर्धा डीकेएच खर्च होतो तिथे हे म्हणजे गळक्या बादलीला चमच्याने पाणी.

दुसरा घोळ थंडीतला. इथे खिडक्या बंद, गॅस चालू, घरात माणसं. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो आणि पीएच 7.8वर येतो. लोक घाबरून सोडा घालतात. पण कार्बन डायऑक्साइडने अल्कलिनिटी उतरत नाही, फक्त पीएच उतरतो. खिडकी उघडा! किंवा चुन्याची निवळी द्या. हो, तीच, कोहळ्याच्या पेठ्याला लागते ती. जर्मन लोकांनी तिला 'काल्कवासर' असं भारदस्त नाव दिलंय. ती कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही देते, पीएचही वर ठेवते. फक्त रात्री थेंबाथेंबाने, कारण तिचा स्वतःचा पीएच 12च्या वर असतो. कोकणात शिंपले भाजून चुना करायचे हे आईने सांगितल्यापासून मला ती जास्तच आवडते.

भाच्याने पुण्यात अशी टाकी सुरू करायची म्हणून विचारलंय. त्याला जाहीर उत्तर: नको. भारतात सांगाडा बांधणारे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि दुकानदार काहीही सांगत असला तरी मालवणच्या समुद्रातून तोडलेला तुकडा घरात येऊ नये. माशांची गोड्या पाण्याची टाकी कर, मी पैसे देतो.

मीही आता 8च्या आसपास राहतो. 11ला वाढ झपाट्याने होते खरी, पण पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट अगदी कमी असेल तर टोकं जळलेली पाहिली आहेत. शिवाय चार आठवडे घर सोडायची वेळ पुन्हा येणारच. आई ऐंशीची आहे.

ज्या मित्राने मासे सांभाळले, त्याला लेकीने चार वर्षांपूर्वी त्याच बर्ड्सनेस्टची फांदी दिली होती. गेल्या रविवारी त्याने त्यातली एक तोडून आणून दिली. करंगळीएवढीच आहे. काल पॉलिप बाहेर आले, अल्कलिनिटी 7.9. लेकीला फोटो पाठवला तर उत्तर आलं, "बाबा, सोड्याचा डबा कुठे ठेवलायस?"

सगळ्यात वरच्या फळीवर, डाळींच्या मागे.