नुसते ‘छान’ म्हणून भागत नाही!

बीड शहरातील कंकालेश्वराचे मंदिर कुंडाच्या मधोमध उभे आहे. काळा दगड, मोकळे आकाश आणि पाण्यातील प्रतिबिंब पाहून मोबाइल हाती असलेल्या कोणालाही छायाचित्र घेण्याचा मोह होतो. ते वर्गात दाखवले, की बहुधा दोनच अभिप्राय मिळतात : ‘छान!’ किंवा ‘काही खास नाही.’ माझ्या मते हे दोन्ही सारखेच निरुपयोगी आहेत. एकाने मन सुखावते, दुसऱ्याने हिरमुसते. पण पुढच्या वेळी काय वेगळे करायचे, हे दोहोंतूनही कळत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, अभिप्राय हा प्रयोगवहीतील नोंदीसारखा असावा. काय दिसते, ते कशामुळे झाले असावे आणि कोणता एक बदल करून पाहावा, या तीन गोष्टी त्यात हव्यात.

समजा, चित्र तिरपे वाटते. तर कळसाचे टोक आणि त्याचे प्रतिबिंब पट्टीने जोडा. शांत पाण्यात हे दोन्ही बिंदू एकाच उभ्या रेषेत असतात. मंदिर चित्राच्या मध्यावर असूनही ही रेषा चौकटीच्या उभ्या कडेला समांतर नसेल, तर कॅमेरा कलला होता. वाद मिटला!

प्रतिबिंब फिके आहे? पाण्यावर सरळ वरून पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे २ टक्केच परावर्तित होतो. पृष्ठभागाशी १० अंशांचा कोन करून येणाऱ्या प्रकाशापैकी मात्र सुमारे ३५ टक्के. म्हणून सूचना अशी : ‘थोडे मागे सरक, कॅमेरा खाली आण आणि वारा पडलेला असताना पुन्हा घे.’

मंदिर नुसते काळे दिसते? मागचे आकाश फार उजळ असणार. सूर्य पाठीशी असेल अशी वेळ निवडावी. पण आकाशावर उमटलेली शिखराची बाह्यरेषाच दाखवायची असेल, तर तोच काळेपणा गुण ठरतो. म्हणून दोष काढण्यापूर्वी ‘तुला काय दाखवायचे होते?’ हे विचारलेच पाहिजे.

‘कलेला मोजपट्टी कशी लावता?’ असे कोणी म्हणेल. आवड मोजता येत नाही, हे खरे. बालाघाटच्या दूरच्या डोंगरांचा निळसर फिकेपणा एखाद्याला आवडेल, दुसऱ्याला नाही. पण तो मधल्या हवेने प्रकाश विखुरल्यामुळे येतो, हे कळले की तो हवा तेव्हा ठेवता येतो, नको तेव्हा पावसाने हवा धुतल्यावर जाता येते. कारण कळल्याने आवडीला बळच मिळते.

अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९४१ मध्ये हर्नांडेझ गावावरील चंद्रोदय टिपला. त्या एकाच निगेटिव्हवरून त्यांनी पुढे अनेक वर्षे प्रती काढल्या आणि आकाश उत्तरोत्तर गडद केले. जगप्रसिद्ध चित्रही त्यांच्या लेखी ‘पूर्ण’ नव्हते.

शिक्षकांनी एवढे करावे : विद्यार्थ्याचे पहिले छायाचित्र, त्यावरील एक सूचना आणि तिच्यानुसार घेतलेले दुसरे छायाचित्र फलकावर शेजारी लावावे. सूचना चुकीची निघाली, तरी तेही सर्वांना दिसेल. नावे ठेवणे वेगळे आणि कारण शोधणे वेगळे, हा फरक ज्या वर्गाला कळला, तेथे कोणीही आपले काम दाखवायला बिचकणार नाही. विज्ञानाची सुरुवात तेथूनच होते.