ध्वजाचा मान आणि निषेधाचा हक्क

१९८९ साली शिकागोच्या एका कलाशाळेतील प्रदर्शनात ड्रेड स्कॉट या कलावंताने अमेरिकेचा ध्वज जमिनीवर अंथरला. देशभर गदारोळ झाला. त्याच वर्षी तिथल्या संसदेने ध्वजरक्षणाचा नवा कायदा केला. ३० ऑक्टोबरला स्कॉट व साथीदारांनी संसदेच्या पायऱ्यांवर ध्वज जाळून त्याला आव्हान दिले. जून १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो कायदा घटनाबाह्य ठरवला.

ध्वज जाळणे आम्हाला मुळीच रुचत नाही. तो निकाल जसाच्या तसा इथे आणावा, असेही आम्ही म्हणत नाही. आपल्या १९७१ च्या कायद्यात ध्वजाच्या अवमानाला ३ वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र सनदशीर मार्गाने बदल घडावा म्हणून केलेली टीका त्याच कायद्याने गुन्ह्यातून वगळली आहे. हे किती जणांना ठाऊक आहे?

१ नोव्हेंबरला काळा दिन पाळणाऱ्या सीमाबांधवांना निषेधाचे मोल सांगायला नको. आपला तो निषेध आणि दुसऱ्याचा तो द्रोह, हा न्याय आम्हाला पटत नाही. १५ ऑगस्टला ध्वजवंदनास जमू तेव्हा कायद्याची ही दुसरी बाजूही मुलांना जरूर सांगावी.