राखून ठेवलेला डाव

आमच्याकडं पारावर कुस्तीचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतो, "वस्ताद एक डाव राखून ठेवतो, बरं का." मग मांजरीची गोष्ट येते. मांजरीनं वाघाला सगळं शिकवलं, झाडावर चढायचं तेवढं शिकवलं नाही, म्हणून ती वाचली. ऐकणारे माना डोलावतात. मला या बोलण्याचा राग आहे. तालमीचं जेवढं नुकसान या एका वाक्यानं केलं, तेवढं गळक्या कौलांनीसुद्धा केलं नसेल.

त्याचा अर्थ काय होतो बघा. शिकणं संपत नाही, कारण शिकवणाराच पुरतं देत नाही. शेवटचा डाव कुठंतरी कुलपात आहे, आणि तो हाती आला की पठ्ठ्या पुरा तयार झाला. या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत.

मिसरूड फुटायच्या आधी मी तालमीत गेलो. ढाक, लपेट, कलाजंग, मोळी, एकलंगी, घिस्सा. दोन-तीन वर्षांत आमच्या वस्तादांनी हे सगळे दाखवले. लपवणार तरी कुठं? हौद्यात पोरं, काठावर म्हातारे, आणि जत्रेच्या फडात गोळा झालेली पंचक्रोशी. तिथं आज जो डाव पडतो, तो उद्या गल्लीतली पोरं गवतात खेळत असतात. शाहू महाराजांनी उत्तरेकडचे नामी मल्ल कोल्हापुरात आणले, 1912 साली खासबागेचं मैदान उभं केलं. आपल्या पैलवानांनी त्यांच्या कुस्त्या बघितल्या, त्यांच्याशी लढती केल्या, आणि तिथं मिळालेलं गावोगाव पोचवलं. राखून ठेवायचीच रीत असती, तर ती विद्या आमच्या गावच्या हौद्यापर्यंत आली असती काय?

मग शिकणं का संपत नाही? धोबीपछाड घ्या. समोरच्याचा हात धरायचा, गर्रकन वळून त्याच्या पोटाला पाठ लावायची, आणि धोबी दगडावर कपडा आपटतो तसा त्याला खांद्यावरून टाकायचा. सांगायला एवढंच. बारा वर्षांच्या पोराला एका सकाळी समजतं. पण समोरचा बुटका असला तर तुम्हाला त्याच्याहून खाली बसावं लागतं. घामानं निसरडा असला तर हात सुटतो. हुशार असला तर तुम्ही वळताक्षणी मागनं कंबर धरतो, आणि तुम्हीच माती खाता. डाव तोच, माणूस दरवेळी नवा. वर आपलं अंगही तेच राहत नाही. विशीत जो डाव ताकदीवर निघतो, तो तिशी उलटल्यावर वेळ साधून काढावा लागतो. गुडघा कुरकुरायला लागला की तोच डाव पुन्हा पहिल्यापासून शिकायचा.

मोठमोठ्यांचंही असंच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले. घरात वडील पैलवान, लहानपणापासून लाल माती अंगाला. तिथं मात्र गादी, आणि नियमही वेगळे. सहावे आले. "आम्हाला कुस्ती येते, गादीच चुकीची," म्हणत ते घरी बसले नाहीत. गादीवरची कुस्ती शिकले, आणि 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं एकट्या खेळाडूनं मिळवलेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. 'माझं शिकून झालं' असं त्यांनी 1948 लाच ठरवलं असतं, तर आज त्यांचं नाव आपण घेतलं असतं काय?

आता दुसऱ्या बाजूच्यांकडं वळतो. हल्ली गावोगाव सुट्टीत दहा दिवसांची शिबिरं होतात. लाठी, दांडपट्टा, कुठं कराटे. शिबिराला माझी ना नाही. पोरं मोबाइल सोडून घाम गाळतात, चांगलंच आहे. पण शेवटच्या दिवशी पाहुण्याच्या हस्ते 'प्रशिक्षण पूर्ण' लिहिलेला कागद देतात, त्याला माझा विरोध आहे. दहा दिवसांत पूर्ण काय झालं? लाठी हातात धरायची भीती गेली, एवढंच. तो कागद भिंतीवर चढतो आणि लाठी माळ्यावर. कराट्याचा काळा पट्टा मिळाला की आईबापांना वाटतं, पोरगं शिकून बाहेर पडलं. त्या पट्ट्याच्या पहिल्या दर्जाला जपानीत 'शोदान' म्हणतात. अर्थ काय, तर पहिली पायरी. ज्यांची विद्या, ते त्याला सुरुवात म्हणतात, आणि आम्ही पेढे वाटून शेवट करतो.

यावर कोणी विचारील, "मग काय पोरानं जन्मभर तालमीतच बसायचं? शेत कोण बघणार?" प्रश्न रास्त आहे. पोरगं तालमीत ठेवायचं म्हणजे दूध, तूप, बदाम यांचा खुराक आला. त्यापायी घरातल्या पोराबाळांचं दूध तोडून पैलवानाला पाजणारे बाप मी बघितलेत. पोरगं अठ्ठावीस-तिशीला येतं, मोठ्या कुस्त्या मिळत नाहीत, लग्न अडलेलं असतं, आणि एखादा वस्ताद अजून सांगत असतो, "थांब लेका, तुझं शिकायचं राहिलंय." हे पाप आहे. राखून ठेवलेल्या डावाची गोष्ट इथंच कामाला येते. त्या न दिसणाऱ्या डावाच्या आशेवर पोरगं लंगोट सोडत नाही, आणि घर बुडतं.

म्हणून मी म्हणतो, संपणं वेगळं आणि सोडणं वेगळं. शिकणं संपत नाही हे खरंच. पण लढणं वेळेवर सोडता येतं, सोडावंच. वस्तादानं सगळे डाव उघड्यावर शिकवावेत, आणि ज्याच्यात पुढं जायचा दम नाही त्याला विशी-बाविशीतच तोंडावर सांगावं, "पोरा, आता जोर-बैठका ठेव, फड सोड आणि रानाकडं बघ." वाईट वाटेल, वाटू दे. पुढं तोच गडी दिवस मावळता तालमीत येऊन लहान पोरांना पट काढायला शिकवील, आणि तेव्हा त्याला कळेल की आपला पाय कुठं चुकत होता. लढताना जे कळत नाही, ते शिकवताना कळतं. हे शिक्षण फुकट असतं, त्याला खुराक लागत नाही आणि वयाची अट नाही.

आमच्या तालमीत सकाळी आता पाच-सहा पोरं येतात. त्यांना कोणी 'तुमचं पूर्ण झालं' म्हणून कागद देऊ नये, आणि 'एक डाव बाकी आहे' म्हणून झुलवतही ठेवू नये. येतं ते सगळं द्यावं आणि खरं काय ते सांगावं. वस्तादाचं काम एवढंच आहे.