साखळीतला दुसरा

कापूस घरात येऊ लागला की आपल्याकडे कबड्डीची मैदानं आखली जातात. खामगाव, चिखली, मेहकर, कुठंही जा. शेवटी उत्कृष्ट चढाईपटूला बक्षीस आणि टाळ्या असतात. उत्कृष्ट पकडीचंही बक्षीस असतं, पण ते बहुधा घोटा धरणाऱ्या कोपरारक्षकाच्या हाती पडतं. साखळीत त्याचा हात धरून परतीची वाट बंद करणारा दुसरा गडी तोपर्यंत अंगावरची माती झटकत असतो.

या दुसऱ्या गड्याचा थोरला भाऊ म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधला चक बेडनारिक. (फुटबॉल म्हणजे आपला नव्हे, लंबगोल चेंडूचा, अंगाला अंग भिडवण्याचा.) जन्म 1925 चा, पेनसिल्व्हेनियातल्या पोलादाच्या गावात, स्लोव्हाक स्थलांतरितांच्या घरी. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानाची मशिनगन सांभाळत त्यानं जर्मनीवर 30 मोहिमा केल्या. मग 1949 ते 1962 अशी 14 वर्षं तो फिलाडेल्फिया ईगल्सकडून खेळला आणि एवढ्या काळात त्याचे सामने हुकले फक्त तीन. खेळ नसेल तेव्हा काँक्रीट विकायचा. म्हणून नाव पडलं ‘काँक्रीट चार्ली’.

त्याचं एक काम सेंटरचं. रांगेच्या मधोमध वाकून दोन पायांमधून चेंडू मागे द्यायचा आणि पुढच्याच क्षणी समोरचा धिप्पाड गडी छातीवर घ्यायचा. धावून गुण मिळवणारा वेगळाच. बेडनारिक बचावातही खेळे, आणि 1960 च्या अंतिम सामन्यात तर जवळजवळ पूर्ण वेळ दोन्ही बाजूंनी मैदानात होता. ईगल्स 17-13 जिंकले.

पण त्याचा गाजलेला फोटो कोणता? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यानं न्यूयॉर्कच्या फ्रँक गिफर्डला आडवं केलं, तो. गिफर्ड पुढचा अख्खा मोसम खेळू शकला नाही. सेंटर म्हणून केलेली वर्षानुवर्षांची राबणूक एकीकडे आणि बचावातली ती एक धडक एकीकडे. लोकांनी धडक उचलली. मला वाटतं, दोष लोकांचा कमी, नोंदवहीचा जास्त. जे लिहिलंच जात नाही, ते आठवणार कसं?

आपल्याकडे 2014 मध्ये प्रो कबड्डी आली आणि पकडीचेही गुण खेळाडूगणिक टीव्हीवर दिसू लागले. तीन किंवा कमी बचावपटू उरले असताना केलेल्या अव्वल पकडीला दोन गुण मिळतात. चांगलं झालं. तरी साखळी दोघांनी लावली आणि नाव एकाचं, हे तिथंही चालतंच.

साखळीतल्या दोघांची नोंद ठेवायला जिल्ह्यातल्या स्पर्धांना कुणाची परवानगी नको. संघाचा गुण एकच राहू द्या. गुणलेखकानं साखळी पकडीपुढं दोघांचे नंबर लिहावेत, एवढंच. स्पर्धा संपल्यावर ती वही उघडून बेरीज करावी. बक्षीस दुचाकीचं असेल, तर तिच्यावर मग दोघांनी कसं बसायचं, ते मंडळांनी बघावं.

— मैदानकर