मूल काष्टीत, आदेश नगरला

आईबाप गमावलेले मूल आपल्या खेड्यांत सहसा उघड्यावर पडत नाही. आजी, मामा, चुलता, आत्या, कुणीतरी त्याला पोटाशी धरतेच. श्रीगोंदे तालुक्यातल्या काष्टीसारख्या बाजारगावात आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांवर अशी घरे शाळेच्या गुरुजींना आणि अंगणवाडीताईंना नावानिशी ठाऊक असतात. घर चालवणारी आजी किंवा एकटी आई कांदा काढणीला, लिंबू तोडणीला, उसाच्या खुरपणीला रोजाने जाते. त्या रोजात तेल-मीठ भागते. वह्या, गणवेश, एसटीचा पास आणि दवाखाना भागत नाही. मग कुणीतरी आपुलकीनेच सुचवते, ‘पोराला बोर्डिंगात टाका.’ मायेची माणसे असताना केवळ पैशापायी मूल घरापासून तुटते, ते असे.

हे होऊ नये, हीच कायद्याची भूमिका आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय आहे. महाराष्ट्राने तर हा विचार त्याच्या कितीतरी आधी, घरातच राहणाऱ्या मुलासाठी दरमहा मदत देणाऱ्या बालसंगोपन योजनेतून, स्वीकारला होता. २०२३ मध्ये या योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले आणि मदत महिना २,२५० रुपये झाली. काही वर्षांपूर्वीपर्यंत ती ४२५ रुपये होती, हे पाहता वाढ मोठीच. अनाथ मुलांबरोबरच एकच पालक असलेली आणि ज्यांचे पालक तुरुंगात आहेत किंवा दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळले आहेत, अशी मुलेही तिच्या कक्षेत येतात. योजनेला शोभेल असेच हे नाव आहे. काशीबाई या विधवेच्या पोटी १८७४ मध्ये जन्मलेल्या यशवंतला जोतीराव-सावित्रीबाईंनी आपल्या घरात वाढवले, डॉक्टर केले आणि पुढे प्लेगच्या साथीत आई-मुलाने मिळून रुग्णांची सेवा केली.

तरीही २,२५० म्हणजे दिवसाला ७५ रुपये. केंद्र आणि राज्य मिळून राबवत असलेल्या मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात हीच मदत ४,००० रुपये आहे. पण तिथे ग्रामीण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांच्या आत हवे. गरज सारखीच असलेल्या दोन मुलांच्या वाट्याला वेगवेगळी रक्कम यावी, याचे समर्थन कसे करणार? राज्याने आपली रक्कम केंद्राच्या बरोबरीला आणावी.

रकमेपेक्षाही मोठा अडसर वाटेतला आहे. पालकाचा मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, शिधापत्रिका, आधार, बँकेचे पासबुक आणि घरासमोर उभे राहून काढलेला पालक-मुलांचा फोटो. हे सारे जमवायला तलाठी, सेतू, शाळा, बँक असे हेलपाटे होतात. नाव आधारवर एक, मृत्यूच्या दाखल्यावर दुसरे निघाले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटी मदतीच्या आदेशासाठी मुलासह बालकल्याण समितीपुढे उभे राहायचे, आणि समिती बसते जिल्ह्याच्या ठिकाणी, नगरला. काष्टीहून नगरला जाऊन यायचे म्हणजे आजीचा रोज बुडतो, मुलाची शाळा बुडते, वर भाड्याचे पैसे जातात. आदेश झाल्यावरही पैसे महिन्याच्या महिन्याला येतीलच असे नाही. कित्येक महिन्यांचा थकलेला हप्ता एकदम जमा झाला, तरी दरम्यान किराणा दुकानदाराची उधारी वाढलेली असते.

सरकार दारी येऊ शकत नाही, असेही नाही. करोनात २०२१ मध्ये दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याने पाच लाखांची ठेव जाहीर केली आणि एकल महिला व अनाथ मुलांसाठी तालुक्या-तालुक्यांत तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या. याच जिल्ह्यातल्या अकोले येथील सामाजिक कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या महिलांचा प्रश्न राज्यभर लावून धरला. बाप करोनाने गेला की अपघाताने, दारूने की कर्जापायी, मुलासाठी फरक काय? करोनाच्या वेळची तत्परता बाकीच्यांच्या वाट्यालाही यायला हवी.

आणखी एक अन्याय फारसा कुणाच्या नजरेत येत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलासाठी कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या आधाराची, तरतूद आहे. आजीकडे वाढलेल्याची मदत मात्र अठराव्या वाढदिवसालाच थांबते. तो तेव्हा बारावीत असतो, नाहीतर आयटीआयच्या पहिल्या वर्षाला. नातेवाइकांनी सांभाळले म्हणून त्याचा हक्क कमी होतो, असा याचा अर्थ झाला. ही मदत किमान एकविसाव्या वर्षापर्यंत चालू राहिली पाहिजे.

कायदा बदलण्याची वाट न पाहता जिल्हा प्रशासनाला बरेच काही करता येईल. बालकल्याण समितीची बैठक महिन्यातून एकदा श्रीगोंद्यात घ्यावी. दाखले, नावदुरुस्ती, बँक खाते आणि सुनावणी त्याच दिवशी एका छताखाली उरकावी. सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समिती बहुतेक गावांत कागदावरच आहे. तिने अंगणवाडीताई आणि मुख्याध्यापकांना सोबत घेऊन अशा घरांत स्वतः जावे, मुलांची नावे चव्हाट्यावर न आणता अर्ज भरून घ्यावेत. काष्टी ग्रामपंचायतीने शाळा सुरू होण्याआधी, जून उजाडायच्या आत, हे काम हाती घ्यावे.